साळखात्याच्या दारापासून अपंगांच्या हक्कापर्यंत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर आणि वस्तीच्या जुन्या आठवणींवर लेख येतात. ते यायलाच पाहिजेत. पण या खेपेस संपादक मंडळाने मला लिहायला सांगितलं तेव्हा मी थोडा वेगळा विषय मागून घेतला. ज्या माणसाला समाजाने कामाच्या जागेपासून लांब ठेवलं, मग तो अस्पृश्य म्हणून असो, आंधळा-पांगळा म्हणून असो, कुष्ठरोगी म्हणून असो, नाहीतर गिरणी बंद पडून रस्त्यावर आलेला असो, त्याला धंदाशिक्षण देऊन पुन्हा कामावर उभं करण्याचा आपल्याकडे काय इतिहास आहे, हा तो विषय.

कोणी म्हणेल, अपंगांचा प्रश्न आणि आपल्या चळवळीचा प्रश्न वेगळे आहेत. मला तसं वाटत नाही. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात वाचनालयात बसून जे वाचलं, चळवळीत फिरताना जे पाहिलं, त्यावरून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एवढीच, की काम शिकणं हे एक दार आणि शिकलेल्याला काम मिळणं हे दुसरं दार. पहिलं दार दयेपोटीसुद्धा उघडतं. दुसरं दार मात्र हक्क मागितल्याशिवाय आजवर कोणासाठी उघडलेलं नाही. आणि हे सगळ्यात आधी आपल्याच बापजाद्यांनी सोसलेलं आहे.

साळखात्याचं दार

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरला. कोकणातून, घाटावरून माणसं आली, त्यांत आपलीही आली. गावात मेलेली ढोरं ओढायची, वेसकरकी करायची, त्यापेक्षा यंत्रावर काम करू, यंत्राला काय जात कळते, असं त्यांना वाटलं असणार. यंत्राला नव्हती कळत. पण यंत्राभोवती उभ्या असलेल्या माणसांना कळत होती.

ज्यांना गिरणी माहीत नाही अशा आजच्या मुलांसाठी थोडं सांगतो. कापूस आत येतो तो आधी फोडायचा, मग पिंजायचा, मग त्रासन खात्यात त्याचं सूत निघतं आणि शेवटी साळखात्यात त्या सुताचं कापड विणलं जातं. साळखात्यात उक्त्या कामावर पैसे, आणि ते इतर खात्यांपेक्षा जास्त. त्यामुळे विणकराला चाळीत मान होता, दुकानदार त्याला उधार देत होता. आपल्या माणसांना कापूस फोडायला, पिंजायला, सूत काढायला घेत. साळखात्यात घेत नसत.

कारण काय? मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी भरतो आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून श्वासाने बाहेर ओढतो. दिवसातून अनेक वेळा हे करावं लागे आणि एकाच धोट्याला वेगवेगळ्या माणसांचं तोंड लागे. महाराच्या तोंडाची थुंकी लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, हा सवर्ण विणकरांचा सवाल होता. तेवढ्यावर हजारो माणसांची चांगल्या पगाराची वाट अडवली गेली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत रोग पसरवणारी आहे म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने बंद केली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा निघालेले होते. म्हणजे प्रश्न थुंकीचाच असता तर त्याला उपाय होता. अवजार बदललं असतं तर सगळ्यांच्याच छातीचं भलं झालं असतं. पण आपल्याकडे अवजार बदलण्याऐवजी माणूस बाहेर ठेवण्यात आला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत १८८७ साली निघाली, पण तिथवर पोचायला आधी शाळा शिकलेली पाहिजे. साधा कामगार गिरणीतच शिकायचा. कोणी मामा, कोणी चुलता मागावर असला की पोरगं त्याच्या शेजारी उभं राहायचं, तुटलेला धागा सांधायला शिकायचं, आणि पुढे जॉबरने मनात आणलं की बदलीवर लागायचं. ज्याचा मामा साळखात्यात जाऊच शकत नाही, त्याचा भाचा तिथे शिकणार कसा? म्हणून 'तुमच्या लोकांना विणकाम येत नाही' असं म्हणणं म्हणजे पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि वर पोहता येत नाही म्हणून हिणवायचं, असा प्रकार होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना साळखात्यात घेण्याची मागणीही असली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी अंग काढून घेतलं, की हा आमचा नियम नाही, तुमच्या कामगारांचाच आहे. खरं म्हणजे दोघांचंही त्यात सोयीचं होतं. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात साळखात्यातल्या या बंदीची सरकारी दप्तरी नोंद झाली.

साळखात्याचं दार एका दिवसात उघडलं नाही. त्याला अनेक वर्षं लागली. मी स्वतः गिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हा साळखात्यात आपली माणसं होती. त्यांतल्या तरुणांना या गोष्टीची गंधवार्ताही नव्हती. म्हणून ती लिहून ठेवणं जरूर आहे.

जॉबरच्या मर्जीऐवजी नोंदवही

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. दुसरं महायुद्ध चालू होतं. फिटर, टर्नर, वेल्डर कमी पडत होते. त्यासाठी सरकारने १९४० सालीच तंत्रशिक्षणाची योजना काढली होती. १९४१ पासून इंग्लंडचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या नावाच्या योजनेतून इथले तरुण कारागीर विलायतेच्या कारखान्यांत शिकायला जाऊ लागले होते. या योजना बाबासाहेबांच्या आधी सुरू झाल्या, हे खरं आहे आणि ते तसंच सांगितलं पाहिजे. पण त्या खात्याची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी एक गोष्ट ओळखली. सरकारच्या पैशाने शिकवण्याची सोय होत असेल, तर जो आजवर कुठल्याच वर्कशॉपात शिरू शकला नाही, त्याचा तिच्यात वाटा पाहिजे.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयना एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात नोकऱ्यांतला वाटा होता, विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या होत्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावं ही मागणीही होती. आपण बाबासाहेबांच्या पदव्यांचं कौतुक करतो. पण त्यांनी बॅरिस्टर होण्याइतकीच काळजी फिटर होण्याची केली, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला.

त्याच खात्याच्या हाताखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झालं. सैन्यातून सुटून येणारे जवान आणि युद्धाच्या कारखान्यांतून कमी होणारे कामगार यांना काम मिळवून देणं हा त्याचा उद्देश. त्यातून सेवायोजन कार्यालयांचं, म्हणजे आपण ज्याला 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणत आलो त्याचं, जाळं उभं राहिलं. फाळणीनंतर निर्वासितांसाठी ते वापरलं गेलं आणि १९४८ पासून सगळ्यांना खुलं झालं. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तिच्यातूनच आजच्या आयटीआय.

आता एक्स्चेंज म्हटलं की आपल्याला खिडकीपुढची रांग आणि कधीच न येणारा कॉल आठवतो. पण गिरणी कामगाराच्या डोळ्यांनी बघा. आधी भरती कशी व्हायची? सकाळी गेटावर जॉबर उभा. त्याने बोट दाखवलं तो आत. बोट दाखवायला त्याला दस्तुरी द्यायची, त्याच्या गावचा, जातीचा असायला पाहिजे. त्या बोटाच्या जागी एक नोंदवही आली. नाव, शिक्षण, नोंदणीची तारीख. तिच्यात नाव घालायला मामा लागत नाही. या साध्या वहीचं मोल ज्याला गेटावरून परत पाठवलं गेलं त्यालाच कळेल.

त्या वहीची मर्यादाही सांगतो. १९५९ च्या कायद्याने मालकांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं सक्तीचं झालं. पण तिथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती झाली नाही. कळवायचं आणि आपल्याच माणसाला घ्यायचं, ही पळवाट कायद्यातच राहिली. इथेही पुन्हा तेच दिसतं, की पहिलं दार उघडं आणि दुसरं अर्धवट.

आधी सैनिक, मग बाकीचे

आता अपंगांकडे येतो. धर्मादाय शाळा मुंबईत आधीपासून होत्या. अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली अंध मुलांची शाळा काढली, ती पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालची. ऐन गिरणगावाच्या कुशीतली, शिवडीची मतिमंद मुलांसाठीची जय वकील शाळा १९४४ सालची, एका आई-बापाने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. ही सगळी पुण्याईची कामं. पण शाळेतून बाहेर पडलेल्या वीस वर्षांच्या माणसाने पुढे काय करायचं, हा प्रश्न तसाच राहायचा.

प्रौढ अंध माणसाला धंदा शिकवून उभं करण्याचं काम सरकारने अंगावर घेतलं ते महायुद्धात. डेहराडूनला १९४३ साली युद्धात डोळे गेलेल्या हिंदी जवानांसाठी एक वसतिगृह आणि शिक्षणकेंद्र निघालं. त्याची जबाबदारी सर क्लूथा मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या गृहस्थांकडे होती. ते स्वतः १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत डोळे गमावलेले. म्हणजे शिकवणारा स्वतः त्या वाटेने गेलेला होता. तिथे ब्रेल, वेत विणणं, हातमाग अशी कामं शिकवत. देश स्वतंत्र झाल्यावर १९५० साली सरकारने त्याच जागी सगळ्या प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं.

एक्स्चेंज आधी सैनिकांसाठी, अंधांचं केंद्रही आधी सैनिकांसाठी. जवानांबद्दल मला आदर आहे, आपल्या महार रेजिमेंटचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण सरकारने हे केलं ते देणं लागतं म्हणून केलं. मग जो गिरणीत बोटं गमावतो त्याचं देणं कोण लागतो? १९२३ च्या कायद्याने कामगाराला अपघाताची नुकसानभरपाई मिळू लागली, ती पैशात. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याची तीन बोटं पिंजणयंत्रात गेली. त्याला ठरलेले पैसे मिळाले आणि हलकं काम देतो म्हणून सांगितलं गेलं. ते हलकं काम काही त्याला कधी दिसलं नाही. बोटांची किंमत मिळाली, पण त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार कोणी केला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत या कामाला आकार आला. राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे 'नॅब', १९५२ साली इथेच स्थापन झाली. हाजी अलीला १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. तिथे कृत्रिम हात-पाय बसवण्याबरोबर माणूस काय काम करू शकेल हेही पाहू लागले. १९५९ साली अपंगांसाठीचं देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडलं. आणि १९६८ साली मुंबई व हैदराबाद इथे अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रं सुरू झाली. मुंबईचं केंद्र शीव-चुनाभट्टीच्या बाजूला एटीआयच्या आवारात आहे. अलीकडे त्याचं नाव राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र असं झालं आहे.

या केंद्राची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे पहिला प्रश्न 'तुला काय झालंय' हा नसतो, 'तुला काय करता येतं' हा असतो. हाताची पकड, नजर, बसण्याची ताकद, कल, आधी काय काम केलंय, हे काही दिवस प्रत्यक्ष कामावर बसवून पाहतात. मग शिवणकाम, इलेक्ट्रिकचं काम, लोखंडकाम, ऑफिसचं काम असं जे जमेल त्यात शिक्षण, आणि पुढे नोकरीसाठी प्रयत्न. शिक्षण, कामाची जागा आणि दोन्ही ठिकाणी सोबत, अशी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय नसला की ती उभी राहत नाही.

मतिमंद किंवा मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांसाठी तर आता जाणकार सांगतात, की वर्गात वर्षानुवर्षं शिकवत बसू नका. आधी कामाच्या जागी न्या, आणि पहिले काही आठवडे एक जाणता माणूस शेजारी उभा राहून त्याला काम दाखवू दे. परदेशातून आलेली ही नवी पद्धत म्हणून लोक सांगतात तेव्हा मला हसू येतं. साळखात्यात मामाच्या शेजारी उभं राहून भाचा हेच तर करत होता. फरक एवढाच, की ज्याला मामा नाही त्याला तो कोणीतरी द्यायचा.

आनंदवन

महाराष्ट्रातला इतिहास सांगताना वरोऱ्याचं आनंदवन टाळून चालणार नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ च्या सुमारास सरकारने दिलेल्या खडकाळ माळावर वस्ती केली. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर सुरुवात झाली असं सांगतात. आधी विहीर खणली, मग शेती. भाजी पिकली तेव्हा ती घ्यायला लोक कचरत. ज्या हाताला बोटं नाहीत त्या हाताने लावलेली भाजी घ्यायची कशी?

वाचकहो, धोट्याला लागलेली थुंकी आणि या भाजीला लागलेला हात यांत काही फरक आहे काय? माल उत्तम आहे, पण बनवणाऱ्याचा स्पर्श नको. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे आनंदवनात दुग्धशाळा, सुतारकाम, हातमाग, छापखाना, पत्र्याचे डबे अशी कामं सुरू झाली. कुष्ठरोग्यांबरोबर अंध, मूकबधिर, पांगळी माणसंही तिथे शिकू-कमावू लागली. १९६४ साली तर तिथे महाविद्यालय निघालं आणि ज्या गावांना या माणसांची सावली नको होती, त्याच पंचक्रोशीतली पोरं तिथे शिकायला येऊ लागली. मला वाटतं आनंदवनाचा मोठा विजय हा आहे.

तरी एक विचार मनात येतो. माळावर स्वतंत्र जग उभारावं लागलं, कारण गावाने दार उघडलं नाही. ऐंशीच्या दशकात नवी औषधयोजना आली आणि कुष्ठरोग पुरता बरा होऊ लागला. पण कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते निघायला २०१९ साल उजाडलं. रोग आधी जातो, विटाळ मागून जातो.

गिरण्या बंद पडल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, तो मी उगाळत नाही. पण संपानंतर जे झालं ते या लेखाच्या विषयात येतं. धडधाकट, कुशल माणूस एका दिवसात निराधार होऊ शकतो, हे तेव्हा मुंबईने पाहिलं. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस बाजारात 'अशिक्षित, पन्नाशीचा' एवढाच उरतो. त्याच्या घरातल्या बाया खानावळी चालवत होत्या, त्याही बुडाल्या.

सरकारने १५ सप्टेंबर १९८६ पासून कापड कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. कायमच्या बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. तीन वर्षांत माणसाने दुसरं काम शोधावं, अशी कल्पना. शोधायचं कुठे, हे त्यात नव्हतं. १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्यात सल्ला, नवं शिक्षण आणि दुसऱ्या कामावर नेमणूक अशा तिन्ही गोष्टी कागदावर होत्या. प्रत्यक्षात पैसा बहुतांशी स्वेच्छानिवृत्तीत गेला. म्हणजे कामगाराला बाहेर काढायला पैसा मिळाला, आत घ्यायला फारसा मिळाला नाही. ज्याच्या हातात ती रक्कम पडली त्याने मुलीचं लग्न केलं, गावचं घर शाकारलं आणि वॉचमनची नोकरी धरली. त्याला दोष देता येणार नाही. तिवईचा एकच पाय त्याच्या हातात दिला होता.

दया नव्हे, हक्क

अपंगांच्या बाबतीत हक्काची भाषा आली ती हळूहळू. १९७७ साली केंद्राने तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा अपंगांसाठी राखल्या. पण तो नुसता सरकारी आदेश होता. अपंग बांधव-भगिनी संघटित झाले, रस्त्यावर आले, तेव्हा १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. तीन टक्के आता कायद्याने. तरी खाती वेगवेगळे हिशेब लावून जागा कमी दाखवत राहिली. शेवटी ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय अंध महासंघाच्या दाव्यात निकाल दिला, की ही टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायची. रोस्टर, बॅकलॉग, बिंदुनामावली हे शब्द आपल्या कर्मचारी संघटनांना पाठ आहेत. अपंगांनाही त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या.

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. मनाचा आजार, स्वमग्नता, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिडहल्ल्यात भाजलेले, हे सगळे त्यात आले. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही. त्या कामाला तो चालत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी घ्यावं लागतं. धंदाशिक्षण आणि स्वयंरोजगाराचं कलम आहे. खाजगी मालकांना सवलती देऊन त्यांच्याकडे किमान ५ टक्के अपंग कामगार असावेत असं म्हटलं आहे, पण ती सक्ती नाही.

या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला वाटते ती ही, की कामाच्या जागी माणसाच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करून द्यायचा. उतार करून द्या, आवाजाने चालणारा संगणक द्या, टेबल खाली घ्या. सांगायचा मुद्दा असा, की धोटा बदला, माणूस बाहेर ठेवू नका. जी गोष्ट १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांना सुचली नाही, ती पुढे कायद्यात यायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

कायदा झाला म्हणजे काम झालं असं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशातल्या या लोकांपैकी काम करणारे फक्त ३६ टक्के, आणि बायकांत तर २३ टक्केच. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी वेगळा दिव्यांग कल्याण विभाग केला. चांगली गोष्ट आहे. शब्द 'अपंग'चा 'दिव्यांग' झाला. पण आपल्याला हे नवं नाही. आपल्यालाही एकदा गोड नाव दिलं गेलं होतं, त्याने साळखात्याचं दार उघडलं नव्हतं.

आपल्या वस्तीपुरतं

इतिहास वाचून मिटवून ठेवायचा नसतो. आपल्या वस्तीत प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत एखादा तरी असा माणूस आहे, जो दिवसभर खिडकीशी बसून असतो. पोलिओने पाय गेलेला, ऐकू न येणारा, झटका येऊन गेल्यावर घरीच राहिलेला, मतिमंद मुलगा ज्याचं वय आता पस्तीस आहे आणि आई सत्तरीची. घरचे सांभाळतात, प्रेमाने सांभाळतात. पण आईनंतर काय, हा प्रश्न त्या घरात रात्री कोणी मोठ्याने बोलत नाही.

विहाराने यात करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. अशा प्रौढ माणसांची एक नोंदवही करावी. त्यात आजार नव्हे, तर काय करता येतं ते लिहावं. ज्यांच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत, कारण त्याशिवाय एकही हक्क मिळत नाही. चुनाभट्टीच्या केंद्रात जायला सोबत द्यावी, कारण पुष्कळ माणसं केंद्र नाही म्हणून नव्हे तर नेणारं कोणी नाही म्हणून घरी राहतात. आणि आपल्यातल्या ज्यांची दुकानं, कारखाने, कॅटरिंगचे धंदे आहेत, त्यांनी एकेक माणूस शेजारी उभा करून शिकवावा. बँकेत, महानगरपालिकेत, रेल्वेत असलेल्या बांधवांनी आपल्या कार्यालयातल्या अपंगांच्या राखीव जागा भरल्या की नाही ते विचारावं. विचारायला आपण घाबरत नाही, ती सवय बाबासाहेबांनी लावली आहे.

तथागतांनी सम्यक आजीव सांगितला. प्रामाणिक कष्टाने पोट भरणं हा मार्गाचा भाग आहे. मग ज्याला ते कष्ट करण्याची संधीच नाकारली जाते, त्याच्या वाटेतून आपण बाजूला होणं आणि दाराला हात लावणं, हेही त्या मार्गावरचंच पाऊल आहे असं मी समजतो. विहाराच्या पुढच्या वर्धापनदिनापर्यंत त्या नोंदवहीत निदान दहा नावं यावीत आणि त्यांतल्या दोघा-तिघांच्या नावापुढे कामाची जागा लिहिलेली असावी, एवढी माझी सर्व उपासक-उपासिकांना विनंती आहे.

जयभीम!